नाक्यावर तारन ठेवलेला भोंगा

मी भोंगा बोलतोय. सायकलीचा. पितळंचं तोंड, मानंला एक वेढा, आन् मागं काळ्या रबराचं गोल पोट. पोट दाबलं की वरडतो. निदान आधी वरडत व्हतो.

नदीच्या उताराजवळ, जिथं आधी चौकी व्हती, तिथं आता नुसता एक खांब उभा हाय. त्याला मी टांगलेलो हाय. आइतवारी दिवस कलला की गाड्यावाले इथून बैलं पळवत नेतात. बाया पदर डोक्यावर घेतात आन् खांबाकडं बघत न्हाईत. पोरं लांबून दगड मारतात आन् बोंबलत पळतात. म्हनतात, ह्या खांबावर भूत बसतं आन् ते पॉं करतं.

भूत कोन ते सांगतो. पन पहिल्यापासून सांगू द्या, न्हाईतर तुमी बी पळसाल.

माझा जल्म बाहेरदेशी झाला. कुठं, ते माझ्या मानंवर कोरलेलं हाय म्हनं. आता आपलीच मान आपल्याला दिसती काय? म्हनून ते सोडून द्या.

वाशीमला आलो तवा पहिला मालक एक मास्तर. ते सायकल शाळंच्या खिडकीखाली लावायचे. खिडकीचं एक फळकूट उघडं, एक बंद. म्हनून मी निम्मीच शाळा शिकलो. पाढे अर्धे ऐकू यायचे, कविता अर्धी. शिव्या तेवढ्या पुऱ्या, कारन पोरं त्या खिडकीभायर येऊनच द्यायची. मास्तर आत "शांत बसा" म्हनले की मी भायरून पॉं करायचो. उन्हानं माझं पोट फुगतं, मग सुटतंच. त्याला मी काय करू? थोडं मी बी करायचो, पन ते राहू द्या. मास्तर वैतागले आन् त्यांनी सायकल विकून टाकली.

घेनारा उत्तमसिंग. तांड्याचा पोरगा, मिशी नुकतीच जमून राहिली व्हती. त्याचा बाप हिरासिंग, तिकडं मोगलाईत, हिंगोलीच्या अंगाला तांड्याचा नाईक. आज्या-पंज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, बापानं शेती धरली, आन् हा पठ्ठ्या नदी वलांडून वाशीमला जिनात कापसाच्या कामाला लागला. संगं नवी नवरी, पारू.

नदी वलांडली म्हंजी काय, ते तुमाला आता कळायचं न्हाई. नदी कशाची, उन्हाळ्यात शेळीचं बी पोट भिजत न्हाई. पन अल्याड मोगलाई आन् पल्याड इंग्रजाचा मुलूख. पल्याड नानं वेगळं, कचेरीची बोली वेगळी, सुट्टीचा वार बी वेगळा. अल्याड जुम्मा, पल्याड आइतवार. तांड्यातली मानसं उत्तमसिंगाला म्हनायची, "परदेशी झाला गड्या तू." आन् तो बी छाती काढून म्हनायचा, "व्हय, परदेशी."

परदेशातलं त्याचं घर म्हंजी चुलत्याच्या घराची पडवी. मधी पडदा म्हनून गोनपाट. गोनपाटापल्याड चुलता खोकला की अल्याड पारूचं बोलनं बंद. नवं लगीन, आन् बोलायला जागा न्हाई. मी भिंतीला टेकून ऐकायचो. अर्ध्या अर्ध्या गोष्टी. माझ्या नशिबात सगळंच अर्धं.

मग शनवारी दुपारी जिन सुटलं की दोघं सायकल काढायचे आन् आइतवारच्या सांजेपर्यंत कुनाला सापडायचे न्हाईत. हिंडायला जायचे वो! नवरा-बायको, दोघंच, मौजेला. ह्या मुलखात असं कोन करतं? जोड्यानं जायचं तं देवाला, न्हाईतर लग्नाला, न्हाईतर मयताला. उगाच हिंडायला गेलेले कळले असते तं हिरासिंगानं पोराला तांड्यात उभं केलं नसतं.

म्हनून पारूनं ओच्यात एक नारळ बांधला. कुनी इचारलं की म्हनायचं, देवाला चाललो.

वाशीम मागं पडलं की पारू मागची उतरायची आन् पुढं दांड्यावर बसायची. तिच्या ओढनीला आरसे. ऊन पडलं की सगळ्या वाटंवर चांदन्या नाचायच्या. आन् तिचा हात माझ्या पोटावर. तिच्या आंगठ्याला मी आंधळा झालो तरी वळखीन. आधी हळूच दाबायची, मग दनकून. पॉं… पॉंऽऽ! शेळ्या उधळायच्या, म्हातारे शिव्या द्यायचे, कुत्रे मागं लागायचे. उत्तमसिंग वरडायचा, "अगं पडू की!" आन् पारू म्हनायची, "पडू तर दोघं पडू."

पहिल्यांदा ह्या चौकीवर आलो तो दिवस सांगतो. कनेरगावचा मोठा नाका सडकंवर, ही आमची चौकी आडवाटंवर, मोगलाईच्या अंगाला, उताराच्या तोंडाशी. एक खोली, दोन खांब, त्यावर आडवा वासा. दिवस बुडाला की वासा खाली. मग राजा आला तरी सकाळपर्यंत इकडचा इकडं, तिकडचा तिकडं.

चौकीत जमादार दगडूमिया. दाढी मेंदीनं लाल, एक पाय अधू, आवाज मोठा आन् जीव बारीक. दुसरा व्यंकटराव कारकून, त्याला पालीचं बी भ्याव.

"काँ चले रे?" दगडूमियानं इचारलं.

"देवाला, मिया."

"कौनसे देव कू?"

उत्तमसिंगानं पारूकडं बघितलं. पारूनं आभाळाकडं.

"टेकडीवरल्या."

"टेकड्या तो बहोत हैं."

"त्यातल्या उंच टेकडीवरल्या."

"सास नै, सुसरा नै, बच्चा नै. दोनोंच?"

"नवसच तसा हाय मिया. दोघांनीच यावं असा."

दगडूमियानं दाढी खाजवली. त्याला सगळं कळलं व्हतं. पन व्यंकटराव मधी बोलला, "सायकल परमुलखातली आहे. आत नेऊन विकली तर कोणाच्या गळ्यात? काहीतरी तारण ठेवा."

"काय ठेवू रावसाब? सीट ठेवली तर बसू कशावर? चाक ठेवलं तर जाऊ कसा?"

पारू ओढनीआडून म्हनली, "नवऱ्याला ठेवून घ्या. मी जाते चालवत."

दगडूमिया असा हसला की त्याचा अधू पाय हलाय लागला. "नवरा रखके क्या करूँ बेटी, रोटी खाताय वो. ये भोंगा रखो. वापस आए तो भोंगा लेना. हिसाब बेबाक."

आन् मी दांड्यावरून निघालो, चौकीच्या फळीवर गेलो. तवापासून तीच रीत पडली. शनवारी मी चौकीत, आइतवारी सांजच्याला सायकलवर. ज्याची वस्तू फळीवर, तो मानूस अजून वाटंवर. वस्तू सोडवली की फेरी पुरी. चौकीचा कायदा एवढाच. लेकराला बी कळंल.

पन माझी फजिती बघा. हिंडायला निघायचो मी, आन् हिंडन्याच्या आधीच आडकायचो. ते दोघं कुठं जातात, काय करतात, मला कधी दिसलं न्हाई. माघारी आले की मी वास घ्यायचो. कधी पारूच्या टाचा हळदीनं पिवळ्या. कधी ओढनीत कुसळं. कधी चाकाला नदीची रेती, कधी दोघांच्या जिभा जांभळ्या. एकदा उत्तमसिंगाच्या पागोट्यात मोराचं पीस व्हतं आन् पारू रुसलेली व्हती. काहून रुसली? पिसावरून? मला आजपर्यंत कळलं न्हाई.

त्या रागात मी चौकीत चाळे करायचो. फळी खिडकीशी. ऊन आलं की पोट फुगवून धरायचो, आन् व्यंकटराव टाकात शाई भरायला वाकला की, पॉं! त्याची शाई धोतरावर.

"जमादार! कोणी हात लावला ह्याला?"

"किन्ने नै लगाया रावसाब."

"मग वाजला कसा?"

"पुछो उसीकू."

व्यंकटरावानं माझ्याम्होरं लिंबू ठेवलं. दगडूमियानं हसत हसत आपल्या गळ्यातला ताईत काढून माझ्या मानंला बांधला. मग मी दोघांचा मान ठेवून आठ-पंधरा दिस गप बसलो, आन् व्यंकटरावानं तपकीर नाकाशी नेली की परत, पॉं! गावात बोभाटा झाला, चौकीत काहीतरी हाय म्हनून. मला लई मजा. आपल्याला भूत म्हनतात म्हंजी मान हाय, असं वाटायचं. तवा.

आन् नारळाची गंमत तर सांगायचीच राहिली. नारळ दर खेपंला जायचा आन् दर खेपंला माघारी यायचा, कारन देवळात कुनी जातच नव्हतं. दगडूमियाच्या ध्यानात आलं.

"उत्तमसिंग, ये नारियल तो पिछले ऐतवार का है."

"न्हाई मिया, दुसरा."

"इसके माथे पे मैंने चूना लगाया था. ये देख."

उत्तमसिंग पागोटं नीट कराय लागला. पारूच म्हनली, "देवानं परत दिला, मिया. म्हनला, तुमालाच लागंल."

"हौ. अच्छा देव है तुम्हारा. खाताच नै."

हर आइतवारी नवा देव. आज टेकडीवरला, उद्या वढ्याकाठचा, परवा वडाखालचा. जिल्ह्यातल्या एकूनएक देवाचं नाव दोघांनी चौकीत घेतलं. पायरी एकाची बी चढले न्हाईत.

मग ते वर्स आलं. पल्याडचा इंग्रज गेला, झेंडा बदलला, अल्याड न्हाई. नदीला शेळीच्या पोटाएवढंच पानी, पन आता ते वलांडायला लोक भ्याया लागले. पल्याडच्या झाडीत मोगलाईशी लढाया तिकडं पळून गेलेल्या जवान पोरांचे क्यांप बसले. अल्याड मोगलाईच्या बंदुकवाल्यांच्या लाऱ्या फिरून राहिल्या. पल्याडून आलेला कुनी जवान दिसला की एकच सवाल, "कोन्या क्यांपाचा रे तू?"

दगडूमियानं उत्तमसिंगाला बाजूला घेतलं. "बेटा, अब मत आना. देव कू बोलो, थोडे दिन रुको."

दोघं आले न्हाईत. सायकल पडवीत, मी सायकलवर, गोनपाटापल्याड चुलता खोकून राहिला. पारूचं बोलनं पुरतं बंद झालं. मग एक दिवस तिनं उत्तमसिंगाच्या कानात कायतरी सांगितलं, आन् तो उठून नुसता अंगनात जाऊन उभा राहिला आन् माझं पोट दाबलं. पॉं. त्यावरून मला कळलं. पारूला दिस गेले व्हते.

होळीच्या आधी एका शनवारी दोघं चौकीवर आले.

"क्या बोला था मैंने?" दगडूमिया तापला.

"एकदाच मिया. आता पारूला बरेच दिस सायकलवर बसता यायचं न्हाई. मग लेकरू येईल. मग आमचं कुठलं जानं?"

दगडूमियानं पारूकडं बघितलं, खाली बघितलं, दाढी खाजवली. मग नारळ मागितला. कानाशी धरून हलवला. आतून खुळखुळ आवाज आला, वाळलेल्या गोट्याचा.

"येईच नारियल?"

"हौ मिया, तोच."

"सूख गया रे ये." त्यानं नारळ परत दिला. "कल दिन डूबने के पैले. समझा?"

आन् मला फळीवर ठेवलं. त्या दिवशी पारूचा आंगठा माझ्या पोटावरून लवकर निघाला न्हाई.

आइतवारी मी वाट बघत व्हतो. दिवस कलला की चौकीच्या भिंतीवर आधी आरशाच्या चांदन्या पडायच्या, मग हसनं ऐकू यायचं, मग सायकल दिसायची. चांदन्या पडल्या. हसनं आलं न्हाई.

पारू एकटी. सायकल हातानं ढकलत.

दगडूमिया लंगडत पुढं पळाला. "वो किधर है?"

"यायलाच लागलेत मागून," पारू म्हनली. "आले न्हाईत का? दुसऱ्या वाटंनं आले आसतील म्हनलं. आले न्हाईत?"

ती दगडावर बसली आन् तुटक तुटक सांगाय लागली. माघारी येताना टेकडीखाली तिच्या मनात पाल चुकचुकली. ती म्हनली, इतक्या देवांची नावं घेतली, एकाला बी नारळ दिला न्हाई. आता पोटात लेकरू हाय. एकदा तरी खरं करू. उत्तमसिंग हसला. म्हनला, तुला चढवायची न्हाई टेकडी, तू सायकल धरून हळूहळू हो पुढं, मी फोडून आलोच. वर चढताना त्यानं नारळ कानाशी धरून हलवून दाखवला तिला. खुळखुळ. मग झाडीआड गेला. मग तिनं लारीचा आवाज ऐकला. टेकडीच्या पल्याडच्या अंगानं. मग लारी गेली. ती थांबली. लई थांबली. मग दिवस बघून निघाली, कारन वासा पडला असता.

"आलोच म्हनले," पारू म्हनली. "ते आलोच म्हनले की येतात."

दिवस बुडाला. वासा खाली करायची येळ झाली. व्यंकटराव म्हनला, "जमादार, वासा." दगडूमिया वाशाला खांदा लावून तसाच उभा राहिला, अंधार पडेस्तोवर. त्या चौकीला दिवस बुडाल्यावर वासा वर राहिलेला मी तेवढाच एकदा बघितला.

दुसऱ्या दिवशी दगडूमिया अधू पायानं टेकडी चढून आला. मुठीत नारळाची दोन भकलं. देवाम्होरं पडली व्हती. बराबर मधून फुटलेली, आत सुकं खोबरं, शेंडीखाली चुन्याचा ठिपका. मानूस न्हाई. गुराख्यानं सांगितलं, लारीवाल्यांनी टेकडीवर जो जवान सापडला तो क्यांपवाला म्हनून उचलला. कुठं नेला, ते कुनाला ठाव न्हाई. हिरासिंग हिंगोलीला जाऊन आला. तिथं त्याला ह्या दारातून त्या दारात धाडलं. कुनी काय सांगितलं न्हाई.

दगडूमियानं मला फळीवरून काढलं आन् पारूच्या हातात दिलं. "ले जा बेटी. तेरी चीज है."

पारूनं मला परत त्याच्या हातात ठेवलं.

"न्हाई मिया. ह्याला सोडवून नेलं म्हंजी फेरी पुरी झाली. तुमचाच कायदा हाय. हा हितं हाय तवर ते वाटंवर हाईत."

"बेटी…"

"पहिल्या दिवशी मीच म्हनले व्हते, नवऱ्याला ठेवून घ्या. ठेवून घेतला कुनीतरी. आता तुमी ह्याला ठेवा. ते येतील, आपल्या हातानं सोडवतील."

दगडूमियानं मला वाशाच्या खांबाला टांगलं, टेकडीकडं तोंड करून. तवापासून पारू हर आइतवारी यायची. पोट मोठं झालं तरी चालत यायची. खांबाशी उभी राहून आधी हळूच दाबायची, मग दनकून. पॉं… पॉंऽऽ! आवाज रानावरून टेकडीकडं जायचा. ती कान देऊन उभी राहायची. मग जायची. मी चाळे सोडले. उन्हानं पोट फुगलं तरी धरून ठेवायचो. म्हनलं, तिच्या वाजवन्यात माझं वाजनं मिसळायला नगं.

भादव्यात पल्याडून फौज आली. मोगलाई पडायला आठवडा बी लागला न्हाई. वासा काढला. कुनीबी यावं, कुनीबी जावं, इचारनारा कुनी न्हाई. व्यंकटराव आपल्या गावी गेला, जाताना मला लांबूनच हात जोडला. लोकांनी चौकीची दारं नेली, फळ्या नेल्या. दगडूमियाला इथं राहायचं भ्याव वाटाय लागलं. तो हिंगोलीला लेकीकडं निघाला. जायच्या आधी आइतवारची वाट बघत बसला. पारू आली, छातीशी लेकरू. पोरगा.

"मैं जारा बेटी. अब चौकी नै, मैं जमादार नै. कायदे से तेरा भोंगा छूट गया."

"कायद्यातून भोंगा सुटला, मिया. मानूस सुटला का?"

दगडूमियानं लेकराच्या टाळूवर हात ठेवला. माझ्या मानंचा ताईत घट्ट केला. आन् लंगडत गेला. त्याच्यामागं वाटंवर कुनी नव्हतं.

मग एक जन कुऱ्हाड घेऊन हा खांब तोडायला आला. ऊन व्हतं. तेवढं एकदाच मी जुनं काम केलं. कुऱ्हाड वर गेली की, पॉं! कुऱ्हाड इथंच टाकून पळाला. म्हनून खांब राहिला, आन् भूत म्हनून मी.

आता थंडी पडली. माझं रबर तडकलं, पोटाला भोक पडलं. मागच्या आइतवारी पारू आली. हळूच दाबलं. फुस. दनकून दाबलं. फुस. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं लेकराचा हात धरून माझ्या पोटावर ठेवला. लेकरानं मूठ आवळली. फुस. पारू खाली बसली. इतक्या म्हयन्यांत ती पहिल्यांदा रडली.

आन् तवा, टेकडीकडून, लई लांबून, आवाज आला.

पॉं.

लेकरानं मान वळवली. पारू तटकन उभी राहिली, तिच्या ओढनीच्या चांदन्या खांबावर थरथरल्या. तिनं माझ्याकडं बघितलं, टेकडीकडं बघितलं, परत माझ्याकडं. मला कळलं ती काय इचारती. आवाज यायचा तं माझाच. सायकलीला दुसरा भोंगा कधी बसलाच न्हाई.

मी जल्मभर चाळे केले. मास्तराला छळलं, व्यंकटरावाला छळलं. आता खरं बोलतोय तर कोन ऐकतं? पन तुमी ऐका. माझं पोट फाटलेलं हाय. माझ्यात वारा राहत न्हाई. ह्या बारीला मी न्हाई वाजलो.

मग कोन वाजलं?

तुमी ह्या वाटंनं कधी आले तर भिऊ नका, दगड बी मारू नका. आन् पितळ बघून मला काढून तर अजिबात नेऊ नका. मी कुनाचा टाकलेला न्हाई. मी तारन हाय. सोडवनारा अजून वाटंवर हाय.